भिंतीला हात लावायचा नाही

गडचिरोली जिल्ह्यात आयुष्यभर नोकरी केली असं सांगितलं, की ऐकणारा खुर्ची पुढे ओढतो. मग दोनच प्रश्न येतात. वाघ पाहिला का, आणि 'ते' लोक भेटले का. वाघ मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा त्याची पाठ माझ्याकडे होती, आणि एका सेकंदात माझीही त्याच्याकडे झाली. 'ते' लोक भेटले असतील, तर त्यांनी ओळख दिली नाही. या अंकाच्या संपादकांनीसुद्धा फोनवर "काहीतरी थरारक लिहा" अशी गळ घातली. मी म्हटलं, साहेब, माझ्या नोकरीतला सगळ्यात थरारक प्राणी तिळाएवढा होता. ते खो-खो हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

मी कीटक समाहारक. दचकू नका, सरकारी नाव आहे. गावोगाव हिंडायचं, लोकांच्या घरात शिरायचं, भिंतीवर बसलेले डास पकडायचे, आणि ते कोणत्या जातीचे, किती, पोटात रक्त आहे का, हे वर कळवायचं. माझं लग्न जमत होतं तेव्हा सासरे चौकशीला बल्लारपूरला आमच्या घरी आले. त्यांनी माझ्या अब्बांना विचारलं, "लडका करतो काय?" अब्बा रजयांचा कापूस पिंजणारे, खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणाले, "सरकारी नोकर आहे. मच्छर पकडतो." सासऱ्यांनी थोडा वेळ दाढी कुरवाळली. "मच्छर त आमीबी पकडतो जी. पेन्शन आहे?" पेन्शन आहे म्हटल्यावर बोलणी पुढे सरकली.

आमचं हत्यार म्हणजे हातभर नळी. अर्धी काचेची, अर्धी रबराची, मधे जाळीचा तुकडा. काचेचं टोक डासावर धरायचं, रबराचं टोक तोंडात धरायचं आणि सर्रकन श्वास ओढायचा. डास काचेत येतो, जाळीपाशी अडकतो. मग फुंकर मारून त्याला परीक्षानळीत ढकलायचा आणि वर कापसाचा बोळा. दुसऱ्या हातात टॉर्च. हे सगळं सकाळी फटफटलं की करायचं, कारण रक्त पिऊन डास तेव्हा भिंतीवर सुस्त बसलेले असतात. माणसंही अंथरुणातच असतात. इतकी वर्षं लोकांच्या घरात ते झोपलेले असताना शिरलो आणि एकदाही मार खाल्ला नाही, यापेक्षा मोठं कर्तृत्व माझ्या नावावर नाही.

रमजानमध्ये मात्र पंचाईत व्हायची. जाळी जुनी झाली असेल तर डास थेट घशात. रोजा तुटला की नाही? मी मौलानांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, नकळत माशी घशात गेली तर रोजा तुटत नाही. मी म्हटलं, हजरत, नकळत कुठे, मी तर दम लावून ओढतो. त्यांनी हातातली जपमाळ खाली ठेवली. "बेटा," म्हणाले, "जाळी बदल." दुसऱ्या दिवशी मी जाळी बदलली.

आमचं जुनं वैर मलेरियाशी. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा मधे एकदा फवारणीची टोळी गावात यायची आणि घराच्या आतल्या भिंतींवर औषध मारायची. डास भिंतीवर टेकला की मेला. औषध दोन-अडीच महिने टिकतं, पण एका अटीवर. भिंतीला हात लावायचा नाही. सारवायचं नाही, लिंपायचं नाही, पोतायचं नाही. औषधावर मातीचा थर बसला की डास तिथे आरामात पाय पसरून बसतो.

आणि आमच्या इकडच्या बाया! फवारणीवाला गावाची शीव ओलांडतो न ओलांडतो तोच घमेल्यात माती कालवायला बसणार. त्यांचंही खरं होतं. औषधाचे पांढरे ओघळ, वास, आणि सण तोंडावर. "मलेरियावाल्यानं घर घाण केलं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. वीस वर्षं मी बायांवर ओरडलो. एका गावात मी एका म्हातारीच्या हातातलं घमेलं ओढायला गेलो, तर तिने शेणामातीचा ओला हात माझ्या पाठीवर असा थापला की पाचही बोटं उमटली. तो सदरा मेहरूनने, म्हणजे माझ्या बायकोने, धुतला नाही. चुलीत घातला.

अपवाद एकच, कोसमटोला. आलापल्लीच्या पुढे डांबर संपतं, मग मुरूम संपतो, मग नुसती वाट उरते, तिथे सागाच्या जंगलात हे गाव. सगळी घरं कुडाची, वरून मातीचा गिलावा. आणि गावात तानीबाई. पन्नाशीची, काटकुळी, बोलायला लागली की समोरचा आपोआप उभा राहायचा. सगळ्यांना अरे-तुरे. गावचा पाटील तिचा धाकटा दीर, आणि तिला विचारल्याशिवाय तो कोंबडीही कापत नसे.

मी तिला फवारणीचं समजावलं. तिने तीन प्रश्न विचारले.

"हे औषध मच्छराले मारते?"

"हाव."

"माणसाले?"

"नाई."

"मंग भिंतीले हात किती दिवस नाई लावाचा?"

मी जोशात होतो. म्हटलं, "दिवाळीपर्यंत!"

तिने गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात, बैठक बसवली. ठरलं. फवारणी झाल्यापासून दिवाळीपर्यंत जी बाई भिंत लिपेल तिने गावाला एक कोंबडी आणि मोहाच्या दारूची एक बाटली दंड द्यायची. पहिली कोंबडी तानीबाईने स्वतःच्या सुनेकडून वसूल केली आणि सगळ्या गावासमोर रस्सा वाढला. त्यानंतर कोसमटोल्यात कोणाची हिंमत झाली नाही. तिथला मलेरिया खरोखर उतरला. मला प्रशस्तिपत्र, शाल आणि नारळ मिळाला. नारळाची चटणी झाली, शाल मेहरूनने घेतली, आणि प्रशस्तिपत्र मी काचेत बसवून बैठकीच्या खोलीत टांगलं. चार वर्षं आलेल्या-गेलेल्याला दाखवलं. ज्याला वाचता येत नसे त्याला वाचूनही दाखवलं.

मग एका पावसाळ्यात ते दुखणं आलं.

आमच्या भागातल्या एका गावात सकाळी अंगणात खेळणारं लेकरू दुपारी तापाने फणफणलं, अंग आखडून झटके यायला लागले, आणि दुसरा दिवस मावळायच्या आत गेलं. आठवड्याने दुसऱ्या गावात दुसरं. आमच्या आरोग्य केंद्रात लातूरकडच्या एक डॉक्टर मॅडम नव्यानेच आल्या होत्या. वय माझ्या मुलीएवढं, पण डोळा घारीचा. त्या म्हणाल्या, "हा मलेरिया नाही. रक्ताची पट्टी कोरी आहे." नमुने पुण्याला गेले. उत्तर आलं, चंडीपुरा.

मला वाटलं गावाचं नाव सांगताहेत. तसं ते गावाचंच नाव, आपल्या विदर्भातलं. तिथल्या माणसांच्या रक्तात हा विषाणू पहिल्यांदा सापडला म्हणून ते नाव त्याला चिकटलं. मॅडमनी मला समोर बसवून सोप्या भाषेत सांगितलं. विरळा रोग, पण लहान लेकरांना धरतो आणि थेट मेंदूवर जातो. लस नाही, मारणारं औषध नाही. ताप उतरवायचा, झटके थांबवायचे, मेंदूची सूज आवरायची, आणि हे सगळं काही तासांत.

"आणि पसरवतं कोण?" मी विचारलं.

"वाळूमाशी."

"आणि तिच्यात येतो कुठून? ढोरं, कोंबड्या, उंदीर, सरडे?"

"ते अजून नक्की कुणालाच कळलेलं नाही, काका. म्हणून तर तुम्ही लागणार. घरातून, गोठ्यातून, खुराड्यातून, सगळीकडून माशा आणून द्या."

वाळूमाशी मी पुस्तकात पाहिली होती, तीही परीक्षेच्या आदल्या दिवशी. डासाच्या पाव आकाराची, अंगावर लव, पंख उभे धरून बसते. नीट उडतही नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारते. चावते तेव्हा आवाज नाही. मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत जाते. भिंतीच्या भेगेत, ओल्या मातीत, शेणाच्या कडेला अंडी घालते. पहिल्या सकाळी एका गोठ्यात मला ती दिसली. नेम धरला, दम लावून ओढली, आणि नळी पाहतो तर रिकामी. जाळी डासासाठी होती. ही बया जाळीतून थेट माझ्या पोटात. त्या दिवशी सात गेल्या. मॅडमना सांगितलं तर त्यांनी आधी माझा ताप मोजला आणि मग आठ दिवस रोज मोजला.

घरी येऊन मी बारीक विणीचं कापड शोधलं. मेहरूनच्या लग्नातली मलमलची ओढणी तेवढी कामाची निघाली. "न्या, न्या," ती म्हणाली, "आता माशीचा बुरखा शिवा. आणि पहले कुल्ला करो, मग चहा." त्या ओढणीच्या चकत्यांनी जिल्ह्यातल्या पहिल्या वाळूमाशा पकडल्या. हे कोणत्याही अहवालात आलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मोठ्या शहरातून एक कीटकशास्त्रज्ञ साहेबही आले. माणूस विद्वान आणि सज्जन, पण खुराड्यात डोकं घालायची वेळ आली की त्यांना हटकून फोन यायचा. डोकं मी घालायचो. कोंबडा माझ्या टकलावर चोच मारायचा आणि साहेब बाहेरून विचारायचे, "काही मिळालं का हो?" मी म्हणायचो, "मिळून राह्यलं साहेब, मलेच."

आठ-दहा गावं झाली आणि मला कोडं पडायला लागलं. घरात माशा फार कमी. जिथे बाया माझं अजिबात ऐकत नव्हत्या, फवारणी झाली की भिंत लिपून मोकळ्या होत होत्या, जिथे मी घसा फोडला होता, तिथे भिंती गुळगुळीत आणि माशी औषधालाही नाही. ज्या म्हातारीने माझ्या पाठीवर पंजा उमटवला तिच्या घरात एक सापडली, तीही गोठ्याकडच्या दाराशी. म्हातारी म्हणे, "घेऊन जाय, तुह्याच कामाची हाये."

मग कोसमटोला.

फटफटायला आम्ही पोचलो. साहेब जीपमध्ये कागद नीट करत बसले, मी नळी घेऊन तानीबाईच्या घरात शिरलो. टॉर्च भिंतीवर मारला. भिंत उभी-आडवी उलली होती. काही भेगांत करंगळी गेली असती. उन्हाळ्यात मातीचा गिलावा तडकतो आणि पावसाच्या तोंडावर, म्हणजे नेमक्या फवारणीनंतर, बाया तो बुजवतात, ही इकडची वाडवडिलांपासूनची रीत. चार वर्षं ती रीत इथे दंड लावून बंद होती. दिवाळीला वरवर हात फिरायचा, पुढच्या उन्हाळ्यात जुनी भेग आणखी खोल. औषध भिंतीच्या तोंडावर, आणि माशी आत भेगेत ओलाव्याला. टॉर्चच्या उजेडात त्या भेगांच्या कडेने टुणटुण उड्या चालल्या होत्या. एका भिंतीवर मला जेवढ्या मिळाल्या तेवढ्या आधीच्या सगळ्या गावांत मिळून मिळाल्या नव्हत्या.

तानीबाई मागे येऊन उभी राहिली. कमरेवर हात, चेहऱ्यावर अभिमान.

"पाह्य भाऊ. कोनं बोटबी नाई लावलं."

मी टॉर्च खाली वळवला. तिची नात बुधी, पाच वर्षांची, खाली चटईवर झोपली होती. हातापायांवर बारीक लाल पुरळ.

"पन एक सांगू का?" तानीबाई म्हणाली. "हे भेग लय वाढली. तिच्यातून बारीक चिलटं निघतात. पोट्टीले चावून राह्यले. मच्छरदानीतूनबी जातात. लिपू का?"

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय होतं? 'लिपा' म्हणायचं. पण मलेरियाचे दिवस होते, औषध नुकतंच मारलं होतं, भिंत लिपली तर ते वाया. ही झाली माझी कागदावरची अडचण. खरी अडचण बैठकीच्या खोलीत काचेत टांगलेली होती. ज्या गावासाठी मला शाल मिळाली, तेच गाव मी माशीला घर म्हणून राखून दिलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? साहेब वीस पावलांवर जीपमध्ये होते. ऑफिसातले लोक किती हसतील हे मला तिथे उभ्या-उभ्या ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "थांबा बाई. साहेबाले इचारून सांगतो."

"बरं," ती म्हणाली. तिने कधी उलट विचारलं नाही, तेव्हाही नाही.

मी साहेबांना विचारलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आणि ऐका, उत्तर मला दुसऱ्याच दिवशी सुचलं होतं. आधी चुना घातलेल्या मातीने भेगा बुजवायच्या, मग वरून नव्याने फवारायचं. डासही मरतो, माशीही बेघर होते. शाळेतल्या पोराला सुचावं इतकं सोपं. पण त्यासाठी आधी तोंड उघडावं लागत होतं, आणि ज्या तोंडाने मी माशा ओढत होतो ते सहा दिवस उघडलं नाही. मी स्वतःला सांगत राहिलो की माशांचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. जीप दिसली तरी मला वाटायचं कोसमटोल्याचंच विचारायला आले.

सातव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मॅडमचा फोन आला. "काका, कोसमटोल्याची एक मुलगी आणलीय. ताप, झटके. लगेच या."

मी नाव विचारलं नाही. मोटारसायकल किकने सुरू होईना. केंद्रावर पोचलो तर खाटेवर बुधी, आणि शेजारी चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली तानीबाई. पोरीला पहाटे ताप आला, उजाडताना अंग आखडलं. तानीबाईने एक क्षण घालवला नव्हता. मुलाच्या मोटारसायकलवर मधे पोरीला धरून, नाल्यातून गाडी ढकलत ती आली होती. पहिल्या लेकराच्या मरणानंतर मी गावोगाव सांगितलं होतं, लेकराचं अंग आखडलं तर कोणाची वाट पाहू नका, पुजाऱ्याची नाही, माझीही नाही, सरळ दवाखाना. बाकीच्या गावांनी मान हलवली होती. तानीबाईने ऐकलं होतं.

मॅडमनी झटके थांबवले, ताप उतरवायला सुई दिली, सलाईन लावलं आणि रुग्णवाहिका जिल्ह्याच्या दवाखान्याकडे काढली. नमुन्याचा बर्फाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. मागे आम्ही चौघं. बुधी, तिच्या नाकावर मास्क धरून बसलेली सिस्टर, तानीबाई आणि मी.

दोन तासांच्या वाटेवर एका पुलावर पाणी आलं होतं. गाडी थांबली. पुढे ट्रकांची रांग, पाणी उतरायचं नाव नाही. बुधीचा श्वास घरघरत होता. सिस्टर सारखी घड्याळ बघायची. मी दार उघडून नदीला चार कचकचीत शिव्या दिल्या, ज्या मी आयुष्यात माणसाला दिल्या नाहीत. पाणी आपल्या चालीने वाहत राहिलं.

तेव्हा तानीबाईने विचारलं. आवाज शांत, हात पोरीच्या कपाळावरच्या ओल्या फडक्यावर.

"भाऊ, साहेबाले इचारलं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. विचारलं, अजून उत्तर नाही, एवढंच म्हणायचं होतं.

"नाई," मी म्हटलं. "नाई इचारलं बाई. मले लाज वाटली."

 तिने फडकं पिळलं, पुन्हा ओलं केलं, पुन्हा ठेवलं. पाणी उतरून गाडी हलेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मांडीवरच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि ते माझ्या पॅन्टवर गळत होतं. मला ते उतरताना समजलं.

तीन दिवस बुधी बेशुद्ध होती. मी घरी गेलो नाही. मेहरूनने डबा पाठवला, तो तसाच परत गेला. तानीबाई वॉर्डाच्या दाराशी उकिडवी बसून असायची, मी तिच्यापासून दहा हातांवर. नमाजात दुसरं काही मागितलंच नाही. एरवी मी अल्लाकडे सतराशे साठ गोष्टी मागणारा माणूस.

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर सुई बदलायला गेली, तर पोरीने डोळे उघडले, हात हिसकला आणि गोंडीत काहीतरी खणखणीत बोलली. सिस्टरने विचारलं, "काय म्हणाली हो?" तानीबाईने सांगायला साफ नकार दिला. त्यावरून आम्हाला कळलं की शिवी होती आणि डोकं शाबूत आहे. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन पोटभर रडलो. तिथे एक वॉर्डबॉय विडी ओढत होता. त्याला वाटलं माझं कोणी गेलं, त्याने मला विडी दिली.

पुण्याहून रिपोर्ट आला, 'नमुना तपासणीयोग्य नाही'. म्हणजे बुधीला झालं ते चंडीपुराच होतं की आणखी कोणता मेंदूज्वर, हे कागदावर कधीच लिहिलं जाणार नव्हतं. मी सुटलो होतो. बर्फाने मला वाचवलं. दोन दिवस मी तो कागद खिशात घेऊन हिंडलो आणि मला भाकर गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. दंड, भेगा, सहा दिवस, शाल. साहेब चष्मा पुसत ऐकत होते. "अहो, मग तेव्हाच बोलायचं ना," म्हणाले. "चुना-माती भरू द्या, परवा टोळी पाठवतो." एवढंच. मोजून पाच मिनिटं लागली. चहा यायच्या आधी विषय संपला होता.

कोसमटोल्याला मी चुन्याची पोती घेऊनच गेलो. गोटुलात बैठक बसायची होती, पण मला धीर निघेना. मी सरळ तानीबाईच्या घरी गेलो, माती कालवली आणि तिच्या भिंतीची सगळ्यात मोठी भेग भरायला लागलो. बाया जमल्या. मला आयुष्यात कधी भिंत लिपायची वेळ आली नव्हती. माती भिंतीवर कमी, बाहीवर जास्त.

"अवो माय, हा लिपून राह्यला का भाकरी थापून राह्यला?"

"उलटा हात फिरव गा, उलटा!"

बुधी दारात टक्कल करून बसली होती, दवाखान्यात केस काढले होते. ती खदखदा हसत होती.

तानीबाई आली. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "बैठक झाली का?" तिने विचारलं.

"नाई अजून."

"मंग नियम जुनाच हाये. दंड पडला तुले. कोंबडी आन बाटली."

बायांनी एकच गिल्ला केला. मी म्हटलं, "बाई, कोंबडी देतो. पन मी मुसलमान माणूस, मोहाची बाटली कुठून आनू?"

"पेत नाई त नको पेऊ. आनाले काय होते?"

दंड मी भरला. कोंबडी आलापल्लीच्या बाजारातून आणली. बाटली कशी आणली ते लिहीत नाही, कारण हा अंक मेहरूनही वाचते.

त्या दिवशी गावात प्रत्येक भेग बुजली, दोन दिवसांनी टोळीने फवारलं, गोठे घरापासून लांब हलले, शेणाचे ढीगही. पुढच्या तपासणीला मी अख्ख्या गावात हिंडलो आणि नळी जवळजवळ रिकामी परत आणली. रिकाम्या नळीचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. भिंत आधी बुजवा, मग फवारा, हे मग मी प्रत्येक गावात सांगत राहिलो. निवृत्तीच्या आदल्या दिवशीही तेच सांगत होतो. प्रशस्तिपत्र काढून टाकणार होतो. मेहरून म्हणाली, राहू द्या, त्याच्यामागची भिंत उलली आहे.

पण दंडाच्या त्या दिवशी, बाया पांगल्यावर, तानीबाईने माझ्या हातांवर पाणी घातलं. घालताना बोलली. "भेग मले दिसत होती, भाऊ. भिंत माही, पोट्टी माही. तुह्या शब्दासाठी मी हात नाई लावला. चार सालं आयकलं तुहं. आता तू आयक. मी काई इचारलं, त त्याच दिवशी उत्तर देजो. हाव म्हन, नाई म्हन, मालूम नाई म्हन. पन देजो."

मी मान हलवली. 

आता कोसमटोल्यात एका टेकाडावर चढलं की मोबाइलला रेंज येते. उन्हाळा संपत आला की एक दिवस माझा फोन वाजतो. नंबर बुधी लावते, आता ती आश्रमशाळेत आहे आणि शिव्या मराठीतही देते म्हणतात. मी जेवत असलो तरी उष्ट्या हाताने फोन उचलतो.

"भाऊ," तानीबाईचा आवाज येतो, "भिंत उलली. लिपू का?"

"लिपा बाई. चुना टाका. मंग फवारनीवाल्यायले बोलवा."

"ते मले मालूम हाये."

यंदा मी विचारलंच. "मालूम हाये, त दर साली इचारून कायले राह्यली?"

"उत्तर द्याले तू किती दिवस लावते, ते पाह्याले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.